काळटेकच्या शिवेवर पहिला

अभिमन भदाणेचा धंदा असा आहे, की तो नीट केला तर कुणाच्या ध्यानात येत नाही आणि चुकला तर सगळ्यांच्या येतो. तो पगारी सायकलपटू आहे. खानदेशात कुणाला हे सांगितलं, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मान हलवतो आणि विचारतो, "ते ठीक आहे, पण करता काय?"

करतो ते असं, की वारा अडवतो. केळीच्या बागेला वाऱ्याच्या बाजूने शेवरीची रांग लावतात. वारा शेवरीने खायचा, पानं शेवरीची फाटायची, आणि घड केळीने द्यायचा. घड कापला, की शेवरीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. अभिमन शिरपूरकडचा, केळीच्या पट्ट्यात वाढलेला. आपली नोकरी काय आहे हे त्याने स्वतःला समजावलं ते याच उदाहरणाने. संघात एक केळ असते, बाकी सगळे शेवरी. केळ जिंकते. शेवरी बाटल्या वाहते, पंक्चर झालेल्या केळीला आपलं चाक काढून देते, आणि पुढे राहून वारा खाते, म्हणजे मागच्याचं बळ शेवटच्या दोन किलोमीटरसाठी शिल्लक राहतं.

या कामासाठी देवाने त्याला एकच गोष्ट दिली, ती म्हणजे खांदे. पहिल्या प्रशिक्षकाने त्याला आपादमस्तक न्याहाळून सांगितलं होतं, "तू जिंकणार नाहीस. पण तुझ्या मागे बसायला फार बरं वाटेल." अभिमनने ते कौतुक समजून घरी सांगितलं. घरच्यांनीही तसंच समजून घेतलं.

सासरच्यांनी मात्र नाही. साक्रीच्या वर पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली काळटेक म्हणून गाव आहे. तिथल्या पुना नानांची मुलगी दिपमाला पाहायला भदाणे मंडळी गेली, तेव्हा नानांनी विचारलं होतं, "पोऱ्या काय करस?"

"सायकल चालावस," अभिमनच्या मामांनी सांगितलं.

नानांनी पानाला चुना लावला, घडी घातली, पान तोंडात टाकलं. "ती तं मी बी चालावस. दुसरं काय करस?"

दुसरं काही नव्हतं. तरी लग्न झालं. दिपमालाने पुढे त्याला सांगितलं, की तुमचे खांदे पाहून आईला वाटलं, हा पोती उचलील. म्हणजे खांद्यांचा उपयोग इथेही झाला. पण त्या दिवसापासून प्रत्येक दिवाळीला काळटेकला एक प्रश्न ठरलेला असे. नाना विचारत, "यंदा नंबर कितवा उना?" आणि मेहुणा ललित, जो साक्रीला शाळेत शिक्षक आहे आणि रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतो, तो हसू दाबून म्हणे, "दाजी, मी पेपर बारकाईने पाहिला. पहिल्या पाचात नव्हतात. दहात पण नव्हतात. म्हटलं, छपाईत राहिलं असेल."

अभिमनने एकदा शेवरीचं उदाहरण देऊन पाहिलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "शेवरी तं ढोरंबी खातस."

ढोरांचा विषय निघालाच आहे, तर संघाचंही सांगायला हवं. जळगावचे कांतीलाल शेठ सरकी पेंडीचे व्यापारी. त्यांना तरुणपणी सायकलचा नाद होता. पुढे पेंडीत जम बसल्यावर त्यांनी तो नाद इतरांच्या पायांनी पुरा करायचं ठरवलं. संघाच्या जर्सीवर पाठीमागे कंपनीची खूण आहे, भरल्या कासेची, समाधानी चेहऱ्याची एक काळी म्हैस. देशभरच्या शर्यतींत या संघाला 'म्हैसवाले' म्हणतात. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शेठ सगळ्यांना एकत्र बसवून एकच सूचना देतात, "पहिला नंबर आला तर उत्तमच. नाही आला तरी म्हैस फोटोत आली पाहिजे." अभिमनची पाठ संघात सर्वांत रुंद असल्याने त्याच्यावरची म्हैसही सर्वांत मोठी होती. फोटोत मात्र ती कधी आली नव्हती, कारण फोटो पुढून काढतात, आणि तोही जिंकणाऱ्याचा.

मग यंदाच्या हंगामाची पहिली शर्यत धुळ्याला जाहीर झाली. एका दिवसाची, धुळ्याहून सकाळी निघून नेर, साक्री, निजामपूर, वर पठार, पुन्हा साक्री आणि परत धुळे. हिवाळाभर पाय आखडलेले, फेब्रुवारीचा सुरुवातीचा आठवडा, पुण्या-पतियाळ्याकडचे तगडे संघ येणार. अभिमनने मार्गाचा नकाशा उघडला, बोट साक्रीवरून वर नेलं आणि थांबला. पठारावरची पक्की सडक काळटेकच्या मधोमधून जात होती.

त्या क्षणी त्याला हवं झालं ते फार थोडं होतं. जिंकायचं नव्हतं. तेवढी अक्कल बारा वर्षांत आलेली होती. काळटेकच्या शिवेत शिरताना आपल्या पुढे कुणी नसावं, एवढंच. नाना, सासूबाई, ललित रस्त्याकडेला उभे असतील. त्यांना एकदा, डोळ्यांदेखत, जावई सगळ्यांच्या पुढे दिसावा. पुढे तो साक्रीपर्यंत शेवटचा झाला तरी चालेल. काळटेकचे लोक साक्रीपर्यंत बघायला थोडेच येणार होते?

सायकलवाल्यांत एक जुनी रीत आहे. रस्त्यात एखाद्याचं गाव लागलं तर त्याला घटकाभर पुढे जाऊ देतात. तो गावाला हात करतो, मागचे त्याला पुन्हा गाठतात, कुणाचं काही जात नाही. अभिमनने संघाच्या केळीला, म्हणजे प्रेमराजला विचारलं. प्रेमराज जळगावचा, तेवीस वर्षांचा, जर्सीच्या आतलं कापडी लेबलही वजन नको म्हणून कापून टाकणारा.

"तुमचं गाव आहे का भाऊ तिथे?"

"सासर आहे."

प्रेमराजने थोडा विचार केला. "सासरला चालतं का ते माहीत नाही. पण जा तुम्ही. मी बाकीच्यांना सांगतो. फक्त लवकर परत या. वर वारा असतो आणि मला तुमच्याशिवाय करमत नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची चूक अभिमनची स्वतःची, आणि ती खानदेशातल्या जावयाशिवाय दुसरा कुणी करणार नाही. त्याने सासुरवाडीला आपण कधी पोहोचणार ती वेळ कळवली.

फोनवर त्याने सासूबाईंना, प्रमिलाबाईंना, तीन वेळा सांगितलं, की मी थांबणार नाही, नुसता समोरून जाईन, तुम्ही फक्त बघा. "बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या. या 'बरं'चा अर्थ 'तुमचं बोलून झालं असेल तर मी कामाला लागते' असा असतो, हे नऊ वर्षांच्या संसारानंतर त्याला कळायला हवं होतं. दिपमाला दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. तिने शर्यतीच्या सकाळी त्याला अकरा वेळा फोन केला. फोन धुळ्याला संघाच्या गाडीत, पिशवीत वाजत राहिला.

धुळे सोडलं तेव्हा वारा पूर्वेचा, पाठीमागून होता. पाठीवर थाप मारत त्याने सगळ्यांना साक्रीपर्यंत असं नेलं, की जो तो स्वतःला मोठा सायकलपटू समजू लागला. अभिमनलाही दहा-बारा किलोमीटर तसं वाटलं. साक्रीला उजवीकडे वळल्यावर तोच वारा उजव्या बाजूने आला. थाप मारणारा माणूस आता कोपराने ढकलायला लागला.

आडव्या वाऱ्यात सायकली एकामागे एक चालत नाहीत. पुढच्याच्या थोडं डाव्या बाजूला, आडोशाला सरकत जातात आणि रस्ताभर तिरपी रांग होते, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या तिरप्या लावतात तशी. रस्ता अरुंद असला की या रांगेत दहा-बारा जण मावतात. अकराव्या-बाराव्याच्या मागचे डाव्या काठाच्या खडीत, आडोशाशिवाय, देवाचं नाव घेत चालतात. निजामपूर सोडून वर चढेपर्यंत निम्मे लोक असे गळाले होते. पवनचक्क्या मात्र मजेत फिरत होत्या. वाऱ्यावर पोट भरणारे त्या पठारावर दोघेच, त्या आणि अभिमन.

काळटेक जवळ आलं, तसं प्रेमराजने मागून हाक दिली, "भाऊ, निघा!"

अभिमन निघाला. मान खाली घालून, दात आवळून त्याने जोर लावला, आणि थोड्या वेळाने मागे पाहिलं तर रस्ता मोकळा. कुणी पाठलाग केला नव्हता. त्यात रीत पाळण्याचा भाग होता, आणि म्हशीला पाहून कुणी घाबरत नाही, हाही भाग होता. काही असो, शर्यतीच्या पुढे आता एक मोटारसायकल होती, तिच्यावर मागे बसलेल्या मुख्य पंच नूतन मॅडम, एक छायाचित्रकार, आणि अभिमन भदाणे. बारा वर्षांत त्याने समोर दुसऱ्याचं मागचं चाक नसलेला रस्ता पहिल्यांदा पाहिला. रस्ता बरा होता. जरा ओकाबोका वाटला.

वळण घेतलं, आणि शिवेवर मांडव दिसला.

मांडव म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री, जी वाऱ्याने सुटून पालासारखी फडफडत होती. खाली डफवाले. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी मुंगीलाही वाट राहणार नाही अशी, काळटेकची माणसं. आणि सगळ्यांच्या पुढे हिरव्या लुगड्यातल्या प्रमिलाबाई, हातात औक्षणाचं ताट.

अभिमनच्या मनात क्षणभर आलं, की बाजूने शेतातून सायकल घालावी. पण सासूच्या ताटाला वळसा घालून गेलेल्या जावयाला पुढे दिवाळीला काय तोंड दाखवता येईल? त्याने ब्रेक लावले.

"या, या," नाना हात जोडून पुढे आले. "पहिला उनात! मी बठ्ठास्ले सांगेल व्हतं." सगळ्या गावाला त्यांनी खरोखरच सांगून ठेवलं होतं.

"नाना, मागून लोक येत आहेत—"

"येऊ द्या. रस्ता कोठे पळी जास?"

दिपमाला आईच्या मागे कपाळाला हात लावून उभी होती. "मी सांगितलं यांना. कालपासून सांगतेय. ऐकतंय कोण?"

प्रमिलाबाईंनी पदर सावरला, ताट उचललं, आणि निरांजन विझलं.

काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. ललितने हाताची ओंजळ धरली, नानांनी टोपी धरली, कुणी टॉवेल. पवनचक्क्या चालवणाऱ्या वाऱ्यापुढे टोपीचं काय चालणार? विझल्या दिव्याने जावयाला ओवाळत नाहीत, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. अभिमनने हेल्मेट काढून ताटावर धरलं. डोक्याला हवा लागावी म्हणून त्याला ठिकठिकाणी भोकं ठेवलेली असतात. प्रत्येक भोकातून वेगळा वारा आला.

एवढ्यात मागचे आले. चाळीसेक सायकली, ब्रेकचा करकराट, शिव्या चार-पाच भाषांतल्या. माणसांच्या भिंतीपुढे अख्खी शर्यत उभी राहिली. नूतन मॅडमची मोटारसायकल गावाने तेवढी पुढे सोडली होती; त्या उतरून धावत मागे आल्या.

"काय चाललंय हे? राज्याबाहेरचे संघ आहेत! रस्ता मोकळा करा आधी!"

"मॅडम, पाच मिन्टं," नाना अदबीने म्हणाले. "आमना जवाई शेतस. शर्यत काय, उद्याबी व्हई. ताट उघडं शे."

प्रेमराज एक पाय टेकून अभिमनपाशी आला. मांडव पाहिला, डफ पाहिला, ताट पाहिलं. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "मी पुढे जा म्हटलं होतं. वरात काढा म्हटलं नव्हतं."

अभिमनने अर्धवट कुंकू लागलेलं कपाळ ताटापुढे तसंच धरून ठेवलं.

शेवटी मार्ग सायकलवाल्यांनीच काढला, तोही भक्तीने नव्हे, अंगातला घाम थंड व्हायला लागला म्हणून. दिवसभर वाऱ्यापासून लपणं हाच ज्यांचा उद्योग, त्यांना आडोसा करायला शिकवावं लागत नाही. पतियाळ्याचा एक उंचापुरा सरदार उजवीकडे उभा राहिला, त्याला लागून पुण्याचे दोघे, मग प्रेमराज, मग आणखी. खांद्याला खांदा लावून त्यांनी ताटाभोवती भिंत केली. काडी ओढली. वात पेटली. प्रमिलाबाईंनी घाई न करता, तीनदा, डावीकडून उजवीकडे जावयाला ओवाळलं. त्याच्या खांद्यावर नवा टॉवेल घातला आणि हातात नारळ दिला. भिंतीमुळे पुढून जागा मिळेना, म्हणून छायाचित्रकाराने जावयाच्या पाठीमागून फोटो काढला. डफ वाजला. सरदारजीला कुणीतरी गूळ-शेंगदाणे दिले. ते त्याने पुन्हा मागून घेतले.

मग नूतन मॅडमनी नियम लावला. थांबवण्याआधी भदाणे जेवढे पुढे होते, तेवढं अंतर त्यांना परत मिळेल. बाकीचे दोन मिनिटं थांबतील. म्हणजे जे अभिमनला क्षणभर हवं होतं, ते आता त्याला कायद्याने, सगळ्यांसमोर, पुरेपूर मिळालं.

नारळाचं काय करायचं, हा प्रश्न होता. सासूने दिलेला नारळ टाकता येत नाही, आणि सायकलला तो ठेवायला जागा नसते. त्याने तो पाठीवरच्या खिशात कोंबला. टॉवेल गळ्याभोवती गुंडाळला. थंडावलेल्या पायांनी, गावभरच्या टाळ्यांत, तो शर्यतीचा पुढारी म्हणून निघाला. काळटेकच्या पुढे रस्ता सरळ आणि उघडा आहे, झाड नाही की झुडूप नाही, दोन किलोमीटरपर्यंतचं माणूस गावातून दिसतं. तेव्हा काळटेकने आपला जावई पुढे असलेला पाहिला, आणि मग तो कसा गाठला जातो, तेही सावकाश, पुरतं पाहिलं. बैलगाडीने जाणारी एक म्हातारी त्याच्याकडे बघून म्हणाली, "हवा भरी घे रे भाऊ." हवा चाकात भरलेलीच होती.

मागच्यांनी गाठल्यावर अभिमन नेहमीच्या जागी गेला. वाऱ्याच्या बाजूला, उजवीकडे, सगळ्यांच्या टोकाला. प्रेमराज त्याच्या डाव्या खांद्याआड आला. तिरपी रांग पुन्हा लागली. साक्रीहून धुळ्याकडे वळल्यावर वारा थेट तोंडावर आला आणि अभिमनने तो नेरपर्यंत खाल्ला. प्रत्येक खड्ड्याला नारळ मणक्यावर बसत होता.

"भाऊ, तो नारळ फेका ना," प्रेमराज मागून विनवत होता. "मला दोन तास झाले दुसरं काही दिसत नाहीये. नारळ आणि म्हैस, नारळ आणि म्हैस."

"सासूबाईंचा आहे."

"मग फोडून तरी खाऊ!"

"घरी नेऊन फोडायचा असतो."

नेरपाशी अभिमनच्या पायांतलं सगळं संपलं. प्रेमराज त्याच्या आडून निघाला तो ताजा होता, आणि धुळ्यात दुसरा आला. अभिमन एकटा कुसुंब्यापर्यंत रेटत राहिला. मागून गळालेल्यांना उचलणारा टेम्पो येत होता. बराच वेळ तो आदराने मागे राहिला, मग हॉर्न वाजवू लागला. शेवटी चालकाने मान बाहेर काढली. "बसा दाजी. नारळ फुटेल." काळटेकची बातमी टेम्पोपर्यंत पोहोचली होती. अभिमन बसला. निकालात त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'शर्यत अपूर्ण'.

धुळ्याला कांतीलाल शेठ प्रेमराजची पाठ थोपटून झाल्यावर छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यात डोकावत होते. आपला माणूस शर्यतीच्या पुढे असलेला फोटो! त्यांनी तो मोठा करून पाहिला, फिरवून पाहिला, आणि चष्मा काढला.

"अभिमन, म्हैस कुठे आहे?"

म्हैस टॉवेलखाली होती.

संध्याकाळी धुळ्याच्या धर्मशाळेत पाय भिंतीला वर लावून पडलेला असताना त्याने काळटेकला फोन लावला. नाना काय विचारणार ते पाठ होतं, आणि उत्तरही त्याने तयार ठेवलं होतं. शेवटून पहिला. फोन दिपमालाने उचलला आणि तसाच वडिलांना दिला.

नानांनी नंबर विचारला नाही.

"जवाईबुवा, तुम्ही गयात नी आम्ही पाण्यानी टाकीवर चढनूत. पार वळणलगून दखं. तो डावीकडला पोऱ्या तुमना मांगेच व्हता का बठ्ठा येळ?"

"व्हय नाना. त्याले वारा लागाले नको. तेच मन्हं काम शे."

"रोजच?"

"बारा साल व्हई गयात."

पलीकडे डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. नाना पानाला चुना लावत असावेत.

"म्हन्जे वढतस तुम्ही, नी पेंड मिळस त्याले."

"जवळजवळ तसंच," अभिमन म्हणाला. बारा वर्षांत त्याच्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं, आणि त्यात प्रशिक्षकही आले.

"आमले काय ठाऊक," नाना म्हणाले. "आज दिसनं. ऐका, पुढला साले शर्यत आठून गयी तं थांबू नका. सरळ चाली जा. आम्ही टाकीवरतून दखसूत. मांगे व्हतात तरी वळखसूत."

अभिमनने पाय भिंतीवरून खाली घेतले. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला आणि स्वयंपाकघरातून प्रमिलाबाईंचा आवाज आला. त्या फोनशी बोलत नव्हत्या, नवऱ्याशी बोलत होत्या, पण धुळ्यापर्यंत ऐकू यावं एवढ्या मोठ्याने.

"थांबानंच, म्हना त्यास्ले! पुढला साले कंदील आनसू मी."